देवळालीची ५० टनी 'वज्र' तोफ टेबलावर मावते, पण खरी दिसायला काय लागतं?

९ नोव्हेंबर २०१८. स्थळ, नाशिकजवळचं देवळाली. तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत त्या दिवशी लष्कराच्या तोफखान्यात दोन नव्या तोफा दाखल झाल्या. एक होती अमेरिकन बनावटीची एम-७७७ आणि दुसरी के-९ वज्र. पहिली हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. दुसरी स्वतःच्या पट्ट्यांवर धावते, थांबते, गोळे टाकते आणि शत्रूचं उत्तर येण्याआधी जागा सोडते.

वज्र पाहिली की कुणीही म्हणेल, हा रणगाडा आहे. पट्टे आहेत, बुरुज आहे, लांबलचक नळी आहे. पण तो रणगाडा नाही. रणगाडा समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करतो, तर वज्र ३० ते ४० किलोमीटरवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्ष्यावर. लष्करी भाषेत ही स्वयंचलित तोफ. मूळ डिझाइन दक्षिण कोरियाचं. भारतात ती लार्सन अँड टुब्रोनं सुरतजवळच्या हाजिरा इथे बनवली. २०१७ मध्ये १०० तोफांचा करार झाला, शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराच्या हवाली झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ७,६२९ कोटींचा दुसरा करारही झाला.

आता समजा, नाशिकमधल्या एखाद्याला ही तोफ आपल्या टेबलावर हवी आहे. खेळणं म्हणून नाही, तर हुबेहूब, मोजून-मापून केलेलं प्लॅस्टिकचं मॉडेल म्हणून. जगभर लाखो लोक हा छंद जोपासतात. भारतातही तो वाढतोय, आणि इन्स्टाग्राम-युट्यूबवर तयार मॉडेलचे फोटो पाहून अनेकांना वाटतं की खोक्यातून भाग काढायचे, चिकटवायचे, हिरवा रंग मारायचा, झालं.

तसं केलं तर मॉडेल तयार होतं खरं, पण ते देवळालीच्या तोफेचं असेलच असं नाही. अडचण नेमकी इथेच आहे.

खोकं कोरियाचं, तोफ नाशिकची

दक्षिण कोरियातली अकॅडमी ही कंपनी के-९ चं १/३५ मापाचं किट काढते. म्हणजे सुरुवात करायला सांगाडा मिळतो. पण त्या खोक्यातली तोफ कोरियन लष्कराची. तिच्यावरची चिन्हं कोरियन, रंगाचा तक्ता कोरियन. हीच के-९ फिनलंड, नॉर्वे, एस्टोनियाकडेही आहे आणि प्रत्येकाची थोडी वेगळी आहे. भारतानं घेतलेल्या वज्रमध्ये वाळवंटात वापरायच्या दृष्टीनं बदल केलेले आहेत. त्यामुळे भारतीय वज्र करायची तर किटच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पुरावा लागतो.

आणि पुराव्याच्या बाबतीत नाशिककराची गंमतच आहे. तोफखान्याचं शिक्षण जिथे मिळतं ते स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत. तोफखान्याचे जवान जिथे घडतात ते आर्टिलरी सेंटर नाशिकरोडला. म्हणजे खरी तोफ रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. पण तिचा फोटो काढायला कुंपणाजवळ मोबाइल घेऊन उभं राहायचं नाही. लष्करी ठिकाणांचे परवानगीशिवाय फोटो काढणं १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टखाली चांगलंच महागात पडू शकतं. 'मला फक्त मॉडेल करायचंय' हे उत्तर चौकशीच्या खोलीत फार उपयोगाचं नसतं.

मग करायचं काय? जे सरकारनंच जगाला दाखवलंय ते वापरायचं. पत्र सूचना कार्यालयानं प्रसिद्ध केलेले फोटो आहेत. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात वज्र राजपथावरून गेली, त्याचं दूरदर्शनचं चित्रण आहे. देवळालीच्या फायरिंग रेंजवर होणाऱ्या 'तोपची' या वार्षिक सरावाला पत्रकारांना बोलावलं जातं, त्याचे फोटो आणि व्हिडिओ उघडपणे उपलब्ध आहेत. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, की बुरुजाची डावी बाजू, मागचा दरवाजा, दिव्यांची जागा, अवजारं कुठे बांधलीत हे सगळं हळूहळू हाती लागतं.

पोलादी वाहन जवळून पाहायची हौस भागवायला नाशिकहून चारेक तासांवर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. भारताचा विजयंता, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन आणि इतर कितीतरी रणगाडे तिथे मांडलेले आहेत. वज्र तिथे पाहायची नाही, पण वेल्डिंगची शिवण कशी दिसते, पोलादी पत्र्याच्या कडेला रंग कसा उडतो, पट्ट्याचा खिळा कुठे चमकतो, हे तिथे तासभर फिरून जेवढं कळतं तेवढं महिनाभर व्हिडिओ पाहूनही कळत नाही.

सगळ्याला ३५ नं गुणा

१/३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा प्रत्येक ३५ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर. हे माप आलं कुठून, याची गोष्ट मजेशीर आहे. जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटारीवर चालणारं होतं, त्यामुळे आत बॅटरी बसायला हवी होती. बॅटरी बसेल एवढा रणगाडा केला, नंतर मोजलं तर माप १/३५ च्या आसपास निघालं. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप उचललं. म्हणजे आज लष्करी वाहनांच्या मॉडेलचं जे जागतिक प्रमाण आहे, ते बॅटरीच्या आकारानं ठरवलंय.

वज्रची नळी पुढे करून लांबी सुमारे १२ मीटर. मॉडेलमध्ये ती होते ३४ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त. रुंदी ३.४ मीटर, तिचे साडेनऊ-पावणेदहा सेंटिमीटर. तोफेचा व्यास १५५ मिलिमीटर आणि नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरच्या वर. टेबलावर ती नळी २३ सेंटिमीटरची आणि तिचं तोंड साडेचार मिलिमीटरहून किंचित कमी. शेजारी उभा केलेला पावणेसहा फुटी जवान पाच सेंटिमीटरचा.

वजनाचं गणित आणखी वेगळं. लांबी ३५ पट कमी झाली तर आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. ५० टनांची वज्र त्याच पोलादातून या मापात घडवली तर सव्वा किलोच्या आत येईल. प्लॅस्टिकचं मॉडेल तर त्याहून खूपच हलकं. म्हणूनच कच्चं केलेलं मॉडेल खेळण्यासारखं 'तरंगताना' दिसतं. पट्टे जमिनीला नीट टेकलेले नसतात, एखादं चाक अधांतरी असतं आणि डोळ्याला लगेच कळतं की यात वजन नाही. ५० टनांची तोफ जमिनीत रुतते. ते वजन नजरेला भासवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम.

हेच ३५ पुढे रंगातही आडवं येतं. मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, तर खऱ्या तोफेवर तो साडेतीन मिलिमीटर जाड रंग झाला. कोण लावेल एवढा? वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण खऱ्या मापात पावणेदोन सेंटिमीटरचा दगड होतो. त्यामुळे या छंदात सवयच लागते, की जे काही मॉडेलवर करायचं त्याला आधी ३५ नं गुणून पाहायचं.

जोडणी: द्राक्षाचा घड आणि वितळणारं प्लॅस्टिक

खोकं उघडलं की आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना स्प्रू म्हणतात. वितळलेलं पॉलिस्टायरिन साच्यात दाबून भरतात तेव्हा ते ज्या नळ्यांतून वाहतं, त्या नळ्या म्हणजेच ही चौकट, आणि भाग तिला बारीक देठांनी लटकलेले असतात. नाशिकच्या माणसाला हे समजवायला वेळ लागू नये, हा द्राक्षाचा घडच. बागेत विरळणी करताना मणी कुणी ओढून काढत नाही, देठाला कात्री लावतात. इथेही तेच. भाग पिळून तोडला की त्याच्या अंगाचा लचका निघतो. साइड कटरनं देठ भागापासून जरा लांब कापायचा, मग उरलेला कोंब धारदार ब्लेडनं तासायचा आणि शेवटी वॉटर पेपर मारायचा. ४०० नंबरपासून सुरुवात, १००० वर शेवट. हा कागद कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ब्लेड नेहमी अंगापासून दूर चालवायचं. हा सल्ला सगळे वाचतात आणि बहुतेक जण बोट कापल्यावर पाळतात.

जोडण्याआधी चौकटी साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वाळवतात. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो आणि मग रंग धरत नाही.

आता चिकटवणं. घरात फेविकॉल असतो, पण त्यातलं पाणी प्लॅस्टिक शोषत नाही, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. फेविक्विक चालतं, धातूच्या किंवा रेझिनच्या भागांना तेच लागतं, पण ते दोन भागांच्या मध्ये बसतं आणि ठिसूळ राहतं. शिवाय त्याच्या वाफेनं पारदर्शक भागांवर पांढरा धूसर थर येतो. मॉडेलसाठी मिळणारं प्लॅस्टिक सिमेंट वेगळ्याच तत्त्वावर चालतं. तो मुळात डिंक नाही, द्रावक आहे. दोन्ही कडांचं पॉलिस्टायरिन तो क्षणभर विरघळवतो, कडा एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. एक प्रकारचं थंड वेल्डिंगच. म्हणून थेंबभरच पुरतो. जास्त झाला तर वरचा नाजूक तपशीलही वितळतो आणि बोटाचा ठसा तोफेवर कायमचा उमटतो.

वज्रसारख्या वाहनात वेळखाऊ काम चाकांचं. प्रत्येक बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक जोडीचं, म्हणजे नुसत्या चाकांच्या २४ चकत्या. प्रत्येकीच्या कडेवरची साच्याची रेघ घासून काढायची. पहिल्या चार चकत्या माणूस प्रेमानं घासतो, पुढच्या वीस नाइलाजानं. पण सगळी चाकं एका सरळ रेषेत बसली पाहिजेत, म्हणून सिमेंट पूर्ण वाळायच्या आत मॉडेल सपाट काचेवर ठेवून तपासतात.

दुसरी कसोटी नळीची. ती दोन अर्ध्या भागांत आली असेल तर मधली शिवण मिटवावी लागते, आणि घासताना गोल नळी चपटी होऊन बसते. काही जण म्हणून कातकाम केलेली धातूची नळी वेगळी विकत घेतात. फटी भरायला खास पुट्टी मिळते. पण गॅरेजमध्ये गाड्यांना लावतात ती एनसी पुट्टीही पातळ थरात चालते. बारीक खड्ड्यांसाठी फेविक्विकमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर हा स्वस्त उपाय. मात्र घट्ट होताच लगेच घासायचं, दुसऱ्या दिवशी ते दगड झालेलं असतं.

रंग: हवामान विचारूनच

आधी प्रायमर. राखाडी एकसारखा थर बसला की आतापर्यंत लपलेल्या सगळ्या चुका दिसू लागतात. एखादी शिवण, एखादा ओरखडा. परत घासा, परत प्रायमर मारा. इथे कंटाळा केला तर पुढचे दहा थरही ती रेघ झाकत नाहीत.

मग येतो एअरब्रश. गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला जोडलेल्या गननं मूर्ती रंगवतात, तिची ही धाकटी बहीण. तोंडाचं छिद्र ०.२ ते ०.४ मिलिमीटर, दाब १५ ते २० पीएसआय, आणि रंग ताकाइतका पातळ. एकदम झाकायचा प्रयत्न न करता दोन-तीन विरळ थर देतात. एअरब्रश नाही म्हणून थांबायचं कारण नाही. चांगल्या ब्रशनं पातळ थर देऊन उत्तम काम करणारे लोक आहेत, फक्त प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. इंग्रजीत वेड लागण्याला 'डुलाली' म्हणतात. तो शब्द देवळालीवरूनच गेला. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे आणि वैतागायचे. रंग वाळायची वाट पाहणाऱ्यांना त्यांचं दुःख कळतं.

नाशिकचं हवामान इथे स्वतःचं मत मांडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात रंगाचा तुषार प्लॅस्टिकवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उपाय म्हणजे सकाळी लवकर काम करायचं आणि रंग जरा जास्त पातळ करायचा, किंवा त्यात वाळणं लांबवणारं द्रावण घालायचं. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चकचकीत थर पांढुरका पडतो. झडीच्या दिवशी स्प्रे न मारलेलाच बरा. पावसाळा जोडणीला, हिवाळा रंगाला, अशी विभागणी केली तर निम्मे त्रास वाचतात.

आणि मास्क. कापडी किंवा सर्जिकल मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही, त्यासाठी रसायनांच्या वाफांसाठीच बनवलेला कार्ट्रिजचा मास्क लागतो. पाण्यात विरघळणारा रंगही तुषाराच्या रूपात फुप्फुसात गेला तर निरुपद्रवी नसतोच. बंद बेडरूममध्ये, शेजारी लहान मूल असताना हे काम करायचं नाही. खिडकी उघडी आणि बाहेर हवा खेचणारा पंखा, एवढं तरी हवंच.

रंग कुठला, हा खरा प्रश्न. बाटलीवर 'ऑलिव्ह ग्रीन' लिहिलंय म्हणून तो भारतीय लष्कराचा हिरवा असेल असं नाही. फोटोतही उन्हाची वेळ, कॅमेरा आणि धूळ यांनुसार तीच तोफ वेगळी दिसते. म्हणून जाणकार एकच फोटो निवडतात आणि त्याच्याशी इमान राखतात. पाच फोटोंतले पाच रंग एकत्र केले तर जी तोफ तयार होते ती कुठेच अस्तित्वात नसते. शिवाय मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळतात. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे साडेदहा मीटरवरून पाहिलेली तोफ, आणि लांबची वस्तू जराशी फिकट दिसते. किती फिकट करायचं यावर या छंदातले लोक तासन् तास भांडू शकतात.

भारतीय ओळख देणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नंबरप्लेट. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आणि सुरुवातीला वर टोक केलेला बाण. तो बाण दिसला की वाहन भारतीय लष्कराचं, हे रस्त्यावरच्या कुणालाही कळतं. ही प्लेट कोरियन किटमध्ये कशी असेल? मग घरी छापायची. डेकल पेपर नावाचा कागद मिळतो, पाण्यात भिजवला की त्यावरची पातळ फिल्म सुटते. पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्यावरची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीचा डेकल पेपर घ्यायचा आणि त्यावर फक्त काळा भाग छापायचा, अक्षरं मोकळी सोडायची. छापल्यावर पारदर्शक वॉर्निश मारायचं, नाहीतर पाण्यात शाई वाहून जाते. डेकल लावण्याआधी त्या जागेला चकचकीत थर देतात. खरखरीत रंगावर डेकल बसवला तर खाली हवा अडकते आणि तो चंदेरी दिसतो.

गंज कुठून आणला?

आता मॉडेल नव्या कोऱ्या खेळण्यासारखं दिसत असतं. त्याला वापरलेलं, मळलेलं करणं म्हणजे वेदरिंग. सोशल मीडियावर लाइक्स यालाच मिळतात, आणि सर्वाधिक घोटाळाही इथेच होतो.

पहिली पायरी वॉशची. गडद तपकिरी ऑइल रंग भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा आणि बारीक ब्रशचं टोक खाचेला लावायचं. रंग आपोआप खाचेतून धावत जातो, बोल्टभोवती कडं तयार होतं. खालचा रंग ॲक्रिलिक असेल आणि वर वार्निशचा थर असेल तर टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. दोन थरांची द्रावकं वेगळी ठेवायची, एवढा नियम पाळला की काम बिघडत नाही. मग ड्राय ब्रशिंग, म्हणजे जवळपास कोरडा ब्रश उठावावर फिरवून कडा उजळवणं. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात जसा श्वास रोखून चालतो, तसा इथे पेरिस्कोपच्या काचा आणि दिवे रंगवताना चालवावा लागतो.

त्यानंतर मात्र हात आवरावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातले जळलेले, गंजलेले रणगाडे पाहून लोक वज्रवरही लालभडक गंज चढवतात. वज्र सेवेत आली २०१८ मध्ये. तिची पाच जणांची तुकडी तिला रोज पुसते, तपासते, आणि रंग उडाला तर परत लावला जातो. नाशिकरोड-देवळाली भागात तोफखान्यातून निवृत्त झालेली मंडळी राहतात. त्यातल्या एखाद्या सुभेदारसाहेबांनी ते मॉडेल पाहिलं तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हा गंज कुठून आणला? त्यांच्या दृष्टीनं ती कलाकुसर नसते, तोफेच्या तुकडीवर ठेवलेला कामचुकारपणाचा ठपका असतो. रंग उडवायचाच तर जिथे जवानाचा बूट रोज पडतो तिथे, झाकणाच्या कडेला, चढायच्या पायरीवर. नळीच्या तोंडाशी बारूदाचा हलका काळपटपणा. पट्ट्याला सरसकट चंदेरी रंग मारणं ही आणखी एक नेहमीची चूक. रबरी पॅड असलेल्या पट्ट्याचं रबर मळकट काळंच राहतं, चमकतात ते फक्त चाकाशी घासणारे धातूचे दात.

आणि धूळ-चिखल? इथे जागा आणि तारीख ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ९ नोव्हेंबर २०१८ च्या सोहळ्यातली वज्र करायची तर ती स्वच्छ हवी. २०२१ मध्ये पूर्व लडाखमध्ये तैनात झालेली करायची तर फिकट, राखट धूळ आणि मागे उघडा-बोडका डोंगर. देवळालीच्या रेंजवरची 'तोपची' सरावातली करायची तर जानेवारीचं पिवळं पडलेलं गवत आणि मुरमाची तपकिरी धूळ. किट तेच, मॉडेल तीन. शेजारी जवान उभे करायचे असतील तर त्यांचा गणवेशही तपासावा लागतो. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी पहिल्यांदा लोकांसमोर आला. २०१८ च्या तोफेशेजारी त्या गणवेशातला जवान उभा केला, की सगळं मॉडेल खोटं पडतं.

देवळालीची आवृत्ती निवडणाऱ्याची एक सोय आहे. परदेशी कंपन्या युरोपचा चिखल, रशियाची माती अशा नावांनी रंगीत पावडरच्या बाटल्या विकतात. नाशिककराला ते घ्यायची गरज नाही. भगूर-लहवितच्या बाजूला रस्त्याकडेची मूठभर माती कुणीही उचलू शकतो. ती तव्यावर खरपूस भाजायची, म्हणजे ओल आणि किडे-बुरशी जाते. मग चहाच्या गाळणीतून आणि त्यानंतर जुन्या सुती कापडातून चाळायची, कारण ३५ नं गुणायचा नियम इथेही आहे. जे भुकटीसारखं खाली पडेल ती धूळ. गाळणीवर राहील ते दगड, त्याचा उपयोग खालच्या जमिनीसाठी. धूळ कोरड्या ब्रशनं लावायची आणि टर्पेंटाइनच्या थेंबानं बसवायची. चिखल हवा असेल तर मॅट वार्निशमध्ये कालवायचा. चाकांवर, पट्ट्यांवर आणि मागच्या मडगार्डवर जास्त, बुरुजाकडे जाताना कमी कमी. शेवटी सगळ्यावर मॅट थर.

खालची जमीन करणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दिवाळीत अंगणात किल्ला सगळ्यांनीच केलेला असतो. दगड रचायचे, पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचं. फरक एकच. त्या किल्ल्यावर बुरुजाएवढा मावळा उभा असतो, तोफेपेक्षा मोठा वाघ असतो आणि कुणाची तक्रार नसते. इथे पाच सेंटिमीटरच्या जवानाच्या पायाशी पाच मिलिमीटरचं गवताचं पान म्हणजे सतरा सेंटिमीटर, तिथवर ठीक. दोन सेंटिमीटरचं लावलं तर ते त्याच्या कमरेच्या खाली पोचलंच म्हणून समजा. ओल्या फेविकॉलवर माती पसरून, वरून पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचे थेंब सोडले की जमीन पक्की होते. ती ओली असतानाच मॉडेलचे पट्टे त्यात हलके दाबायचे. प्लॅस्टिकची काही शे ग्रॅमची वज्र ५० टनांची वाटायला लागते ती या रुतण्यानं.

खर्चाचं म्हणाल तर १/३५ चं आयात केलेलं मोठं किट काही हजारांत जातं, आणि एअरब्रश-कॉम्प्रेसर त्याहून वेगळा. म्हणून पहिलंच मॉडेल वज्रचं करू नये. १/७२ मापाचा एखादा साधा रणगाडा, दोन ब्रश, पाच रंग, एक सिमेंट, एक कटर एवढ्यात सुरुवात होते, आणि चुका करायच्या त्या स्वस्तात होऊन जातात. वज्रसाठी नवख्यानं रविवार धरून दीड-दोन महिने सहज ठेवावेत.

तयार मॉडेलचे शत्रू दोन. एक थेट ऊन, त्यानं रंग उडतो आणि डेकल पिवळे पडतात. दुसरं घरातलं फडकं. बुरुजावरच्या केसाएवढ्या बारीक अँटेना दिवाळीच्या साफसफाईत पहिल्या जातात. ॲक्रिलिकचं झाकण करून घेतलं तर उत्तम. नाहीतर मऊ मेकअप ब्रशनं धूळ झटकायची आणि पाटीवर 'देवळाली, जानेवारी २०२४' च्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहून ठेवायची, की ही धूळ मुद्दाम लावलेली आहे, कृपया पुसू नये.